नववं बोअर

शनिवारी सकाळी हॅल्व्हर सुंडबी दार वाजवतो.
बगलेत कागदांची गुंडाळी, बुटांना स्पोकेनचा मळका बर्फ.
"वसुधा, बघ तरी! बेचाळीस मीटर. टनाला एक पूर्णांक आठ ग्रॅम सोनं!"
अठ्ठावीस वर्षं मी गाभ्याच्या पेट्या वाचल्या,
म्हणून त्याला वाटतं मला खडकातलं कळतं.
मला पेट्यांतलं कळतं.

चष्मा लावते. मागचा तक्ता काढते.
बेचाळिसांत एकाच मीटरला सत्तर ग्रॅम,
बाकीचे एकेचाळीस त्याच्या ताटात जेवतायत.
पातेलंभर खिरीत एक बेदाणा,
आणि झाकणावर चिठ्ठी: बेदाण्यांची खीर.

शिवाय बोअर तिरपं मारलेलं.
मी फ्रिजमधून काकडी काढते.
एक चकती सरळ कापते, एक तिरपी.
"काकडी तीच आहे, हॅल्व्हर. चकती तेवढी लांब झाली."
तो मीठ लावून तिरपी खातो.

मग शेवटची पानं, जिथे कुणी जात नाही.
शेअर एकवीस कोटी. गेल्या वर्षी नऊ होते.
वॉरंट वेगळे,
माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या पाहुण्यांच्या गाद्या:
आज दिसत नाहीत, पण खाली आल्या
की जागा तुझीच जाणार.
बँकेत सात महिन्यांपुरते पैसे.
भाडं, पगार, संमेलनातला स्टॉल, जाहिरातीचा व्हिडिओ,
आणि या सगळ्याच्या निम्म्यात खोदाई.
अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून किती शेअर घेतले?
तो रकाना कोरा नाही.
तिथे नीट, ठळक शून्य छापलंय.

आमच्या जतला एक पाणाड्या यायचा.
तळहातावर आडवा नारळ घेऊन रान तुडवायचा,
नारळ उभा राहिला की म्हणायचा, मारा इथं.
पैसे आधी घ्यायचा.
पण उन्हात निदान स्वतः चालायचा.

हे सांगून मी हसते. हॅल्व्हर हसत नाही.
त्याचं बोट नकाशावर फिरतंय, ओठ हलतायत.
"सहा, सात, आठ, दहा, अकरा.
नऊ कुठाय?"

मी मान वर करते.
हे मी पाहिलं नव्हतं.
एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली,
शेवटच्या थांब्यावर सीटांखाली वाकून वाकून
रोज पोरं मोजली.

तक्त्यात नऊ नाही. तळटिपेत नाही.
दहाव्याचा अहवाल आला, अकराव्याचा आला,
नववं कुठल्या सीटखाली झोपलंय?

"सोमवारी फोन करू," मी म्हणते.
"नमुने प्रयोगशाळेत आहेत, असं सांगतील."
"म्हणजे विकू?"
"किती घेतलेस?"
तो खिडकीबाहेर बघतो. तिथे बघण्यासारखं काही नाही,
शेजाऱ्याचा पिकअप, त्यावर ताडपत्री.
"बार्बराला माहीत नाही," एवढंच म्हणतो.

मी त्याला आणखी कॉफी देते.
त्याला हे सांगत नाही, की सप्टेंबरात
डोंगरापलीकडे वॉलेसजवळच्या त्या शेडमध्ये मी गेले होते,
एका पोरसवदा भूशास्त्रज्ञाने ओला गाभा हातात दिला,
आणि मी जुन्या सवयीने तो चाटला.
गारगोटीत केसाएवढी पिवळी रेघ.
ना तक्ता मागितला, ना शेअर मोजले.
अकरा सेंटने चार हजार घेतले, गाडीत बसल्या बसल्या,
इंजिन सुरू करायच्या आधी.

आज सहा सेंट.

पेटीवर कितवा नंबर होता ते आठवत नाही.
आठवतं, पण नीट नाही.

हॅल्व्हर उठतो, कागद गुंडाळतो,
जिना उतरताना कठडा धरून पुटपुटत जातो,
पायऱ्या मोजतोय बहुतेक.
बशीत सरळ कापलेली चकती तशीच पडलेली,
मिठाचं पाणी झालेलं.